हडपसरच्या घराची व्यवस्था, उजव्या कानाच्या खुलाशासह

मी, सर्जेराव रखमाजी हरपळे, वय वर्षे बहात्तर, पूर्वी फौजेच्या पायदळात हवालदार व लांब पल्ल्याचा नेमबाज, हल्ली निवृत्त, राहणार हडपसर, पुणे, शिक्षण मराठी चौथी, येणेप्रमाणे लिहून ठेवतो. चौथी त्या काळची आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे. माझी बुद्धी शाबूत आहे. जवळचे वाचण्यास चष्मा लागतो. लांबचे अद्याप सर्व दिसते. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यामागे काय करावे याचे बेत मात्र झाले, त्यांचा तपशील कलम चारमध्ये आहे. लिहिण्याचा हेतू एकच: माझ्यामागे माझी पत्नी सौ. द्वारका हिला या घरातून कोणी हलवू नये.

कलम १. मिळकत. दोन गुंठे जागा व त्यावरील, खाली एक व वर दोन अशा तीन खोल्यांचे, गच्चीसह घर. हे सर्व मी फौजेतून आल्यावर स्वकष्टाने घेतलेले असून त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. वडिलोपार्जित जमिनीवर आता काचेची इमारत उभी आहे व तीत मुले-मुली रात्रपाळीने परदेशी लोकांचे फोन घेतात. जमीन आम्ही राजीखुशीने विकली, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार काचेबद्दल आहे. दुपारी तिची तिरीप थेट आमच्या गच्चीवर येते. आमच्या पलटणीत दुर्बिणीची काच अशी चमकवणाऱ्याच्या कानफटात बसत असे.

कलम २. माझ्या धंद्याविषयी. हे कलम वाटणीचे नाही, परंतु लग्नाकार्यांत माझे नातलग याविषयी जे सांगतात ते ऐकून मला माझीच ओळख पटत नाही, म्हणून घालत आहे. लांब पल्ल्याची नेमबाजी म्हणजे बंदूक उचलून मारणे नव्हे. ती मुख्यतः पालथे पडून वाट पाहणे आहे. हे काम जोडीने होते. एकाच्या हाती बंदूक, दुसऱ्याच्या हाती दुर्बीण. तापलेल्या जमिनीवरून मृगजळाची लहर उठते, ती कोणीकडे वाहते व किती झुकते हे पाहून जोडीदार हवा, म्हणजे वाऱ्याची दिशा व जोर, सांगतो. त्याचा शब्द आल्याखेरीज नेमबाजाने घोडा दाबायचा नाही, मग समोर प्रत्यक्ष सेनापती का उभा असेना. पुढे श्वास अर्धा सोडून रोखावा व घोडा असा ओढावा की बार उडालेला स्वतःलाही अचानक वाटावा. गोळीला पोचण्यास वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा माणूस तंबाखू मळण्यासाठी दोन पावले सरकू शकतो. मृत्युपत्राचेही तसेच आहे. घोडा आज दाबायचा, गोळी केव्हा लागेल ते ठाऊक नाही, आणि लागलेली पाहण्यास आपण नाही.

युद्धात मी किती माणसे पाडली असे पुष्कळ लोक जेवताना विचारतात. तो या मृत्युपत्राचा विषय नाही. जेवणाचाही नाही.

कलम ३. पालथे पडण्याचे माझे शिवलेले तरट नातू चि. तेजस यास द्यावे. तो संगणकाच्या कंपनीत आहे. एके दिवशी तो मला म्हणाला, "आजोबा, गेममध्ये मी दोन मैलांवरून हेडशॉट मारतो. एकदम क्लीन."

मी विचारले, "हवा कोणीकडून होती?"

"गेममध्ये हवा नसते, आजोबा."

"मग तेथे तुम्ही श्वास कसला घेता?"

त्याने हे वाक्य मोबाइलवरून मित्रांना पाठवले, असे कळते. तरटावर त्याने एक दुपार गच्चीत पडून राहावे, मोबाइल खाली ठेवून. पुढे काय करावे हे त्याला तेथेच समजेल. न समजल्यास तरट पायपुसणे म्हणून उत्तम आहे.

कलम ४. माझ्या कानाबाबत खुलासा. बारांच्या आवाजाने माझा एक कान गेला आहे, हे घरात सर्वांस ठाऊक आहे. कोणता, हे मात्र कोणी विचारले नाही. बंदूक उजव्या खांद्याला, म्हणून उजवा कान गेला असणार, असे माझा मुलगा चि. इंद्रजीत याने लहानपणीच ठरवून टाकले. वस्तुस्थिती अशी की, नेम धरताना डोके उजवीकडे झुकते, उजवा कान आडोशाला जातो, आणि नळीच्या तोंडाचा आवाज डाव्या कानावर बसतो. हे आमच्याकडे नव्या रंगरुटासही माहीत असे. इंद्रजीत वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे.

गेल्या वर्षी गणपतीत तो बिल्डर उत्तरेश्वरशेठ यांस घेऊन आला. मी खुर्चीत होतो. दोघे माझ्या उजव्या हातास बसले.

शेठ म्हणाले, "आप्पांस्नी ऐकू जातंय न्हवं?"

"छे हो. बंदुकीकडचा कान आहे हा, ठार गेलाय. बोला तुम्ही बिनधास्त."

"मग जागेचं कधी?"

"आप्पा आहेत तोवर नाही. ते हटणार नाहीत, आणि वाद घालायची माझी टाप नाही. एकदा ते गेले की आईला वारज्याला फ्लॅटमध्ये हलवतो. महिनाभरात जागा मोकळी."

"आणि आई नाही म्हणाल्या तर?"

"आईला कोण विचारतंय?"

मी चहा संपवला. शेठनी जाताना पाया पडून माझ्या डाव्या कानात मोठ्याने "शतायुषी व्हा" असे म्हटल्याचे सौ. द्वारकेने मागाहून सांगितले. मला ते ऐकू आले नव्हते.

तेव्हापासून इंद्रजीत माझ्या उजवीकडेच बसून व्यवहाराचे बोलतो व मी ऐकतो. यात मी खोटे काहीच बोललेलो नाही. आपली जागा उघड करणारा नेमबाज दुसऱ्या गोळीपुरता उरत नाही, एवढेच.

कलम ५. माझ्या उजव्या बाजूची लोखंडी खुर्ची चि. इंद्रजीत यास द्यावी. ती त्याच्या सवयीची आहे.

कलम ६. पलटणींच्या स्पर्धेत मिळालेल्या कपावर माझे एकट्याचे नाव आहे. हवा माझा जोडीदार धोंडिबा जगताप याने सांगितली होती, पण हवा सांगणाऱ्याचे नाव कोरण्याची फौजेत चाल नव्हती. कप त्याला द्यावा असे मनात होते. वकिलांचे मत पडले की साक्षीदारास काही देणे टाळावे. मी धोंडिबास विचारले, "कप पाहिजे की साक्षीदार व्हायचं?"

तो म्हणाला, "साक्षीदार. कप काय, तू गेलास की पिशवीत घालून नेतोच की."

सबब कपाबाबत मी काही लिहीत नाही. त्या दिवशी पिशवी घेऊन येणाऱ्यास कोणी अडवू नये.

कलम ७. घर. मूळ मसुद्यात हे कलम असे होते: घर सौ. द्वारकेस हयातभर राहण्यास मिळावे, ते तिच्या हयातीत कोणी विकू नये, व तिला तेथून कोणी हलवू नये. आज सकाळी मी तो मसुदा तिच्यासमोर व धोंडिबासमोर मोठ्याने वाचला. मला तो बिनतोड वाटत होता. त्यावर झालेले बोलणे जसेच्या तसे नोंदवतो, कारण त्याखेरीज पुढील दुरुस्तीचा उलगडा होणार नाही.

ती म्हणाली, "अहो, पण मला हलायचंय."

"कुठे?"

"वारज्याला. लिफ्ट आहे तिथं. तुमच्या या जिन्यानं माझे गुडघे गेले."

"तो इंद्रजीतचा कट आहे."

"कट त्याचा असेल. फ्लॅट चांगला आहे. मी पाहून आले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? वर्षभर तुम्ही त्याचं ऐकत बसला होतात."

धोंडिबा इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "सर्जा, हवा न इचारताच घोडा दाबलास की रं!"

त्याचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने बरोबर असल्याने मला खोडता आले नाही. सबब कलम सात रद्द करून त्याजागी असे लिहितो:

घर व जागा संपूर्ण मालकी हक्काने सौ. द्वारकेस मिळावी. ती राखेल, विकेल, कोणास विकेल व काय भावाने, हे तीच ठरवील. उत्तरेश्वरशेठना घ्यावयाची असल्यास त्यांनी तिच्यासमोर बसून बोलावे. तिचे दोन्ही कान उत्तम आहेत. जागेच्या पैशातून वारज्याचा फ्लॅट घेतल्यास तो तिच्या एकटीच्या नावे व्हावा व दारावरील पाटीवर तिचे नाव असावे. इंद्रजीतने तेथे येताना आधी विचारावे.

हेही तिला पुरते मान्य नाही. ती म्हणते, "तुम्ही गेल्यावर कशाला? कार्तिक संपायच्या आत जाऊ. तुम्हालाही जिना चढवत नाही, फक्त तुम्ही ते कबूल करत नाही." म्हणजे लाभार्थीने माझ्या मृत्यूची वाट पाहण्यास नकार दिला आहे. वाट पाहणे हा जन्मभर माझा धंदा असल्याने या मुद्द्यावर तिच्याशी वाद करण्याची माझी तयारी होती, परंतु तिने पायांत चपला घातल्या होत्या. हे मृत्युपत्र नोंदवून आम्ही उभयता वारज्यास जागा पाहण्यास जात आहोत. इंद्रजीतला कळवलेले नाही.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, साक्षीदारांसमक्ष सही केली, व त्यांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.

स्थळ: हडपसर, पुणे
दिनांक: २० नोव्हेंबर २००४

सही: सर्जेराव रखमाजी हरपळे

हजर साक्षीदार:
१. धोंडिबा मारुती जगताप, निवृत्त लान्स नाईक, राहणार फुरसुंगी
२. भीमराव गणपत शेवाळे, निवृत्त पोस्टमन, शेजारी

सौ. द्वारका सर्जेराव हरपळे हजर होती. लाभार्थी असल्याने तिची सही घेतलेली नाही. दारात रिक्षा तिनेच थांबवून ठेवली आहे.