नमुना म्हणून माझी निवड

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही ठणठणीत आहोत. तिकडे तुम्ही, ताई आणि तुमची पाठ खुशाल असावीत. (पाठ वेगळी लिहिली, कारण मागच्या पत्रात तिच्याबद्दल तुम्ही ताईपेक्षा जास्त लिहिलं होतं.) आनंदाच्या भरात लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या.

दाजी, माझी कॉलेजात निवड झाली! होय, माझी! ताईच्या लग्नापासून तुम्ही दर कार्यात चारचौघांत विचारत आलात, "काय मेहुणे, कॉलेजचं फाटक कुठल्या बाजूला उघडतं ते तरी ठाऊक आहे का?" तर ऐका : आतल्या बाजूला उघडतं, आणि त्याची डावी झडप एक सूत खाली बसली आहे. (फोटोंच्या चौकटी करणाऱ्याच्या नजरेतून सूतभर चूक सुटत नाही. शिपायाला दाखवली, तर तो म्हणाला, फाटक उघडतंय ना?)

आता कॉलेज म्हणजे मनोरा, हिरवळ असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. आमच्या रस्त्याच्या टोकाला बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता ना, तिथेच संध्याकाळी वर्ग भरतात. पाटीवर 'सामुदायिक महाविद्यालय' लिहिलंय, लोक नुसतं 'आपलं कॉलेज' म्हणतात. वयाची अट नाही, आधी काय शिकलात हे कुणी विचारत नाही. पूर्वी दिवेलागणीला आमचा रस्ता ओस पडायचा. आता पिशव्या घेऊन सगळे तिकडेच. शेजारच्या आजी वाचायला शिकल्या, तेव्हापासून येता-जाता प्रत्येक पाटी मोठ्यांदा वाचतात. ('येथे लघवी करू नये' हीसुद्धा, आणि नेमका तिथे कुणीतरी उभा असतो.) इस्त्रीवाला हिशेब शिकला आणि त्याला कळलं की चादरींमध्ये तो वर्षानुवर्षं तोटा खातोय, आता आपण चादर नेली की दरोडेखोर आल्यासारखा बघतो. आमचा डबलबेल, म्हणजे तो निवृत्त बसकंडक्टर, प्रथमोपचार शिकला. हल्ली कुणी दमून पायरीवर टेकलं तरी हा पट्टी बांधून मोकळा होतो. आणि आमच्या हिने घरगुती वीजदुरुस्तीच्या वर्गात नाव घातलं. मी म्हटलं, अगं, मी घरात असताना? तर म्हणाली, "तुम्ही घरात आहात म्हणूनच."

तर त्या वर्गाच्या बाईंना जोडीला शिकवायला इथलंच कुणीतरी हवं होतं. दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं, ती जागा मला हवी होती. अर्ध्या वस्तीचे पंखे, इस्त्र्या, मिक्सर मी फुकट दुरुस्त केले, सगळं उघडून-उघडून स्वतः शिकलो, पण कुणी "कुठे शिकलात?" विचारलं की "घरीच" म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. अशात हिच्याकडून बाईंचा निरोप आला, नमुना म्हणून तुमचं एखादं काम घेऊन या. नमुना! मला रात्रभर झोप नाही.

मी माझा टेबलपंखा नेला. जाळी घासून लखलखीत, तारा वेणीसारख्या विंचरलेल्या. (हात लावला की झिणझिण्या येतात, मी त्याला पंख्याचा जिवंतपणा म्हणत असे.) बाईंनी तो सुरू केला, मग बंद केला. पाती थांबली. त्यांनी जाळीला टेस्टर लावला, तर त्याचा दिवा पेटला. वर्गातून "अरे बापरे!" आलं. मी नम्रपणे मान लववली.

बाई म्हणाल्या, "पंखा बंद झाला, वीज झाली नाही. का?" सगळे हात वर. बाईंनी हिलाच विचारलं. ही उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "बटण चुकीच्या तारेवर आहे. वीज आत येते त्या तारेवर हवं, ह्यांनी परत जाते त्या तारेवर बसवलंय. आणि अर्थिंगची तार कापली असणार, मी ओळखते ना!" मग तळ उघडला. तार कापलेली होतीच, वर तिला मी सुंदर गाठ मारली होती. बाईंनी विचारलं, ही का कापली? मी खरं ते सांगितलं, की ती काहीच काम करत नव्हती. डबलबेल आपला वर्ग सोडून प्रथमोपचाराची पेटी घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसून राहिला.

कान तापले, दाजी. जागा गेली हे कळलं. पंखा फडक्यात गुंडाळायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "थांबा! मी वर्गासाठी मुद्दाम वस्तू बिघडवते, पण ह्या वर्गातल्या सगळ्यांना माझी चूक लांबूनच दिसते. अशी मनापासून केलेली चूक मला जन्मात जमणार नाही. आणखी आहे का असं काही?" अहो, आणखी? अर्धी वस्ती आहे! तिथल्या तिथे ठरलं : दर तुकडीला परीक्षेसाठी माझ्या हातची कामं. पंख्याला चिठ्ठीसुद्धा लावली आहे, माझ्या नावाची, सुबक अक्षरात. आता चारचौघांत मेहुण्याबद्दल काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

ताईला नमस्कार, पाठीला शेक.

तुमचा, कॉलेजात ये-जा असलेला,
मेहुणा

ता. क. : शिकवायची जागा हिला मिळाली. मी पहिल्या बाकावर बसतो. ती वर्गातही मला 'अहो' म्हणते, त्यामुळे सगळा वर्ग मला 'अहो' म्हणतो.

ता. क. २ : तुमच्या न्हाणीघरातला गीझर मीच बसवला होता, तो परीक्षेसाठी हवा आहे. रविवारी आम्ही दोघं येऊन काढून नेऊ. तोवर त्याला हात लावू नका. बटण बंद असेल तर अजिबातच नाही.

ता. क. ३ : ही आत्ता पत्र वाचून कपाळाला हात लावून बसली आहे. म्हणते, तुम्हाला पत्र लिहायला सांगितलं ते वरच्या गीझरच्या एवढ्या मजकुरासाठी, आणि तो पहिल्या ओळीत हवा होता. पण दाजी, निवडीची बातमी खाली कशी टाकणार?