सोबत बसणं

कविता,

शब्दकोशाची पानं उलटताना हात थांबला. महिन्यापूर्वी तुझा लेक वरुण गेला, तेव्हा मी फोनवर ‘कंडोलन्सेस’ एवढंच पाठवलं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या शब्दाचं लॅटिन मूळ आज पाहिलं. सोबत दुःख सोसणं.

शेजारच्या रझियाआपा तेव्हाच म्हणाल्या होत्या, “टीचरम्मा, पुरसा फोन पे नै देते. जाके बैठना पडता.” पुरसा म्हणजे त्यांचं सांत्वन.

माझ्या विद्यानगरहून तुझं कोठी वीस मिनिटांवर. पण नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर तू दार लावून घेशील, ही भीती होती.

हे पाठवणार नाही.

तुझी थोरली,
निर्मला

ता.क. हे लिहिल्यावर दुसऱ्या सकाळी तुझ्याकडे आले. तासभर बसलो. दुःखाच्या घरून निघताना ‘येते’ म्हणू नये, म्हणून मुकाट्यानं उठले. तू म्हणालीस, “येते म्हण, अक्का.”