भाकरीचा ठराव

१२ जानेवारी, रविवार

भिलाईतल्या मराठी बंधू-भगिनींनो! या शहरात इडली मिळते, छोले मिळतात, माछेर झोल मिळतो, लिट्टी-चोखा तर चौकाचौकात. कारखाना उभा करायला सगळा देश इथे आला आणि प्रत्येकानं आपली चूल सोबत आणली. मग आपली चूल कुठे आहे? पाहुणा आला की आपण त्याला कुठे जेवायला नेतो? दुसऱ्याच्या दारात!

— सुरुवात झकास जमली. सव्वीस तारखेच्या सभेत हीच घ्यायची. ध्वजवंदन झालं की लगेच आपल्या मराठी मंडळाची सर्वसाधारण सभा, आणि विषय एकच: मंडळाच्या इमारतीतलं बंद पडलेलं स्वयंपाकघर खानावळीसाठी कुणाला द्यायचं. नागपूरचे केटरर आनंदराव, की हुडको वसाहतीत खानावळ चालवणारी हर्षा? सचिव विद्याधरजी म्हणाले, सरलाताई, तुम्ही ज्याच्या बाजूनं बोलाल त्याचं झालं समजा. खरंच आहे. उगाच विनय कशाला!

पण न चाखता बोलणारी मी नव्हे. म्हणून आज दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको हर्षाकडे जेवायला गेलो. ती आणि तिचा नवरा निखिल मिळून चालवतात. छोटा गाळा, चार टेबलं, स्वच्छ. मालकानं मार्चअखेर जागा सोडायला सांगितलंय. मंडळाचं स्वयंपाकघर मिळालं तर त्यांची चूल पेटती राहील. नाही तर निखिल रायपूरला नोकरी शोधणार आणि खानावळ संपली. हे सगळ्यांना माहीत आहे. मी मात्र दयेवर मत देत नाही, ताटावर देते.

आणि ताट काय? भाताचा डोंगर. लाखोळीची डाळ — माहेरी दुर्गला आम्ही तिला तिवरा म्हणायचो. पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, वांग्याची भाजी, पतालची चटणी, म्हणजे आपली टोमॅटोचीच पण छत्तीसगढी तऱ्हेची. शेवटी एक तांदळाचा चीला, म्हणजे धिरडंच. भाकरी नाही! विचारलं तर हर्षा म्हणते, काकू, डिमांडच नाही. मराठी खानावळ, आणि भाकरीला डिमांड नाही!

परतताना स्कूटरवर मतं जुळवायला घेतली. समोर मी नवऱ्याला अहो म्हणते, कागदावर हेमराज. तर हेमराज म्हणाले, मस्त होतं. मी म्हटलं, मस्त हे मत नव्हे, तो ढेकर झाला. मुद्दे सांगा.

"जेवनाले मुद्दे रायते का व?"

राहतात! मी माझे सांगितले, थेट आमचं स्मृति नगर येईपर्यंत. डाळ पातळ. रस्सा चवीला चांगला पण मिळमिळीत. चीला आणि पताल या मातीचे, या मातीत उत्तम, पण मराठी ताटात त्यांचं काम काय? आणि भाकरी नाही, हा तर गुन्हाच. हेमराजांनी सगळं ऐकून घेतलं. गेट उघडताना एवढंच म्हणाले, की मी भात दोनदा मागून घेतला तो काही उगाच नाही.

१३ जानेवारी

सकाळच्या चहाला हेमराज आपणहून म्हणाले, डाळ पातळ नव्हती, भातावर पसरायला ती तशीच लागते. म्हणजे माणूस काल दुपारपासून त्याच मुद्द्यावर होता!

१४ जानेवारी, संक्रांत

कीर्तीकडे हळदीकुंकू. कीर्ती म्हणजे विद्याधरजींची सून. आनंदराव हुशार माणूस — त्यांनी नागपूरहून मोठी टोपली पाठवली होती, सगळ्या बायकांनी चाखावं म्हणून. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा, वर केळीचं पान. काय देखणं! बायका आधी फोटो काढत बसल्या. हे पाहा, याला म्हणतात ओळख. लांबून कळतं कुणाचं ताट आहे ते.

भाकरी जरा चिवट झाली होती. तो दोष भाकरीचा नाही, प्रवासाचा. स्वयंपाकघर इथंच मिळालं की गरम मिळेल.

हेमराजांसाठी अर्धी आणली. बऱ्याच वेळानं आतल्या खोलीत हाक मारून विचारलं, कशी आहे? आतून उत्तर आलं, "थांब, चावून राहिलो."

१६ जानेवारी

आज भांडण झालं. म्हणजे मी भांडले, हेमराज मटार सोलत होते.

मी भाषणातला भाकरीचा भाग वाचून दाखवत होते. ते मधेच म्हणाले, "तू भाकर कुठं खाल्ली, ते सांग."

कुठं म्हणजे? माझं माहेर दुर्गचं, पाच पिढ्या तिथेच. घरी पोळी आणि भात. यांचं घर साकोलीचं, महाराष्ट्रातलंच, पण सगळा धानाचा मुलूख. सकाळी शिळा भात कांद्यासोबत, दुपारी भात, संध्याकाळी भात. ते म्हणाले, "आमच्या साकोलीत भाकर पावन्यावानी यायची. आली का लोक पाहाले यायचे."

मी म्हटलं, प्रश्न तुमच्या-माझ्या पोटाचा नाही. अख्ख्या महाराष्ट्रात, पुस्तकांत, व्यासपीठांवर मराठी ताट म्हटलं की भाकरी असते. आपण त्या महाराष्ट्राच्या बाहेर राहतो. बाहेर राहणाऱ्यानं ओळख सैल धरून चालत नाही, मूठ आवळून धरावी लागते! — हे वाक्य बोलता बोलताच सुचलं. लगेच भाषणात घेतलं.

हेमराजांनी सालं गोळा केली. "मंग त्या मुठीत साकोली कावून नाई?"

उत्तर आहे माझ्याकडे. आज वेळ नव्हता.

१८ जानेवारी

एकटीच हर्षाकडे जेवायला गेले. जे सभेत बोलायचं ते तोंडावर सांगावं, हा माझा नियम.

मागच्या बाजूला तिची सासू गयाबाई बसून पातोड्या कापत होती. ही गोंदियाकडची, आता इथंच भिलाईत रुआबांध्याला राहते, रोज पहाटे येते. पातोडी, डाळ, वांगं, सगळं तिच्या हातचं. चीला हर्षाचा, शेजारणीकडून शिकलेला. आपण मराठी बोलतो आणि ही पोरगी भिलाईत जन्मलेली, निम्मं वाक्य हिंदीतच पडतं तिचं.

मी स्पष्ट सांगितलं: तुझं जेवण वाईट नाही, पण त्याला मी मराठी खानावळ म्हणू शकत नाही. भाकरी ठेव, मी विचार करीन. तिला राग आला नाही. म्हणाली, भाकर तो मी यूट्यूब देखकर भी शिकून घेईन, पण सासूबाईंनी ती कधी केली नाही, मग वाढताना कोणाची म्हणून वाढू? मी म्हटलं, आपल्या सगळ्यांची म्हणून वाढ. तिनं मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी.

मला वाढता वाढता म्हणाली, "काकू, मंडळात सगळे तुमचंच मानते. म्हनून मले भेव लागून राहिलं."

मी म्हटलं, मताला भ्यायचं नसतं, मताला मतानं उत्तर द्यायचं. ती म्हणाली, मला कुठं बोलता येतं? आणि माझ्या वाटीत आणखी रस्सा ओतला.

रस्सा आज तिखट होता. रविवारी पैसे देताना मी तिलाही मिळमिळीत म्हटलं होतं ना.

२२ जानेवारी

भाषण पूर्ण. हेमराजांना सगळं ऐकवलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणजे जमलं!

२५ जानेवारी, शनिवार

हेमराज संध्याकाळी भाजी आणायला गेले ते उशिरा आले. भाजी नाही, आणि मिशीला पातोडीचा वास! हुडकोत जेवून आले. चोरून! विचारलं, माझ्यापासून कशाला लपवता? म्हणाले, तुले उद्या बोलायचं आहे, म्हटलं मन कावून खराब करा.

मन खराब कशानं होणार? मतभेद असावेत. आमच्या घरात लोकशाही आहे.

२६ जानेवारी, रविवार

जिंकले!

हॉल भरला होता, मागे लोक उभे. आनंदराव पहिल्या रांगेत, पांढरा सदरा. हर्षा, निखिल आणि गयाबाई भिंतीपाशी. 'दुसऱ्याच्या दारात' म्हटल्याबरोबर टाळी पडली. मूठ आवळून धरावी लागते म्हणताना मी खरोखर मूठ वर केली आणि हॉलभर मुठी वर गेल्या. किती वर्षांनी अशी सभा पाहिली. म्हाताऱ्या माणसांनी येऊन हात हातात घेतले. निखिलनंही टाळ्या वाजवल्या! बिचारा, आपण कशाला टाळ्या वाजवतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा हात तसेच जोडून बसला.

विद्याधरजींनी विचारलं, दुसऱ्या बाजूनं कुणाला काही बोलायचंय? हर्षाकडे सगळे वळले. ती उठली, म्हणाली, "मी जेवन आनलं असतं तर बरं झालं असतं," आणि बसली. लोक हसले. वाईट हेतूनं नाही, आपुलकीनंच हसले.

ठराव एकमतानं मंजूर. स्वयंपाकघर आनंदरावांना. सगळे हात वर.

तिसऱ्या रांगेत हेमराजांचाही.

२७ जानेवारी

आज सकाळी सरळ विचारलं. परवाच चोरून जेवून आलात, आणि हात आनंदरावांसाठी कसा वर केलात? माझ्या भीतीनं? लोक काय म्हणतील म्हणून?

हेमराजांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "भेव कायचं व. तू बोलतं ना, तवा मले खरंच पटते. घरी येयेपर्यंत पटूनच रायते. मंग भूक लागते."

हसू आलं, पण पूर्ण आलं नाही.

देवेंद्रला फोन लावला. समोरच्या ब्लॉकमधला, बायको माहेरी गेल्यापासून दोन्ही वेळा हर्षाकडेच जेवतो. म्हणाला, ताई, काय बोललात, अंगावर काटा आला! मी म्हटलं, ते राहू दे, एप्रिलपासून जेवणार कुठे? तो आधी हसला. मग म्हणाला, "अरे हाँ, ये तो सोचा नहीं."

आणखी दोघांना फोन केले. दोघंही तिथे जेवलेले, दोघांनाही आवडलेलं, दोघांचेही हात वर. दोघांनीही भाषणाची तारीफ केली. जेवणाबद्दल मी विचारेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

माझी मतं मी बदललेली नाहीत. डाळ मला अजूनही पातळ वाटते. बाहेर राहणाऱ्यानं ओळख जपावी, हे आजही ठणकावून सांगेन. पण काल त्या हॉलमध्ये मत एकच होतं, माझं. बाकीचे हात होते. हर्षानं मला हेच सांगितलं होतं आणि मी तिला मताला भिऊ नकोस म्हणून शिकवून आले! जिला बोलता येत नाही तिला म्हणाले, बोलून उत्तर दे. ती उत्तर देतच होती. वाटीत ओतून.

साकोलीचं उत्तरही दिलेलं नाही अजून. ते नव्हतंच माझ्याकडे.

दुपारी हेमराजांनी भात लावला. पातळ डाळ केली. मी मुकाट्यानं जेवले. भातावर पसरली, हे खरं.

२८ जानेवारी

विद्याधरजींच्या घरी जाऊन ठराव फेरविचारासाठी परत मागितला, माझ्या सहीनं. करार अजून व्हायचा आहे, म्हणून मान्य झालं. त्यांनी विचारलं, म्हणजे या खेपेला तुमचं भाषण हर्षाच्या बाजूनं? म्हटलं, भाषण नाही. मी पंगतीत वाढणार. नोटीस मात्र मीच लिहिली, एवढीच:

सभासदहो, २ फेब्रुवारीला रिकाम्या पोटी या. दोन्ही घरचं पोटभर जेवा. आणि मग माझ्याकडे न बघता हात वर करा.