लग्नातली घागर

रविवार, संध्याकाळ. उस्मानपुरा.

पुतणीचं लग्न झकास झालं, पण ती स्टीलची कळशी काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

बहात्तरच्या दुष्काळातही आमच्या गावानं लग्नं थांबवली नव्हती. आहेर नको, येताना घागरभर पाणी आणा, असं ठरलं आणि त्याच पाण्यावर पंगती उठल्या. तेव्हापासून लग्नाला घरटी घागर येतेच, पाऊस कितीही होवो. पण आता गाव शहरात गेलं, मळ्यांत इमारती आल्या आणि लग्न कार्यालयात. आणतील का कुणी? सकाळपासून मला हाच घोर.

आणल्या! रिक्षातून, स्कुटीवरून. मॅनेजर म्हणाला, "पाण्याचे जार आहेत की." थोरल्या जाऊबाईंनी डोक्यावरची घागर उतरवलीसुद्धा नाही. "आमच्यात घागरीबिगर लगीन लागत नाय. सरक बाजूला." लई अभिमान वाटला.

आणि मग ती कळशी. आमच्या जुन्या मळ्यातल्या इमारतीत भाड्यानं राहणारी शबाना घेऊन आली. "तुला गं कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे, भाभी? मी बी याच गावची ना आता?"

"अगं, पण तुमच्याकडं टँकर आला का?"

"नाय अजून. घरात होतं तेवढं आणलं."

गाव शहरानं गिळलं म्हणणाऱ्यांनी तेव्हा कार्यालयाच्या दारात असायला हवं होतं.

पहिल्या पंगतीला मी तिच्याच कळशीतलं पाणी वाढलं.