शिगेरूच्या घरची माणसं

१२ मे २०२५, सोमवार

बुद्धपौर्णिमा. आजच कळायचं होतं!

सकाळी विहारातून लवकर आले, खीर चढवली. शिगेरू मागेच थांबला, तिथे सरबत वाटायला. दीक्षा आली होती. माझ्या भावाची, धम्मदीपची पोरगी, माझी भाची. दोन वर्षांपासून शिगेरूकडे, तिच्या मामाजीकडे, जपानी शिकते. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर शिगेरूच्या गावच्या कबरीचा फोटो असतो. त्याला मोगऱ्याचा गजरा घाल म्हणून तिला सांगितलं. एरवी मीच घालते.

हा फोटो सत्त्याण्णवचा. त्याच्या गावी गेले होते मी, एकदाच. नणंद काही मला कबरीवर नेईना. पाऊस आहे म्हणाली. निघताना मीच शिगेरूला म्हटलं, निदान फोटो तरी दे, सासू-सासऱ्यांना इकडून फूल वाहीन. त्याने बॅगेतून हा काढून दिला. 'माझ्या घरची माणसं,' एवढंच म्हणाला. मी सीताबर्डीवरून चांगली फ्रेम करून आणली.

दीक्षा गजरा हातात धरून उभीच. बोट ठेवून दगडावरची अक्षरं वाचून राहिली होती.

"आत्या, हे तर मामाजीचं नाव आहे वं. लाल अक्षरातलं. अन् बाजूला कोण्या बाईचं."

म्हटलं, सासऱ्यांचं असेल, नीट वाच. तर म्हणते, "रोज त्यांच्याच वहीवर पाहते ना मी हे नाव. शिगेरूच आहे."

खीर खाली लागली.

१३ मे

दीक्षाने तिच्या ऑनलाइन क्लासच्या जपानी बाईंना विचारलं आणि मला फोन केला. सांगताना अडखळत होती बिचारी.

तिकडे नवरा-बायकोतलं एक गेलं की कधीकधी दगडावर दोघांचीही नावं कोरून टाकतात. गेलेल्याचं नाव साधं. मागे राहिलेल्याच्या नावात लाल रंग भरतात. तोही गेला की रंग पुसतात. म्हणजे जागा धरून ठेवलेली.

बाईचं नाव फुमिए.

अठ्ठावीस वर्षं! दर बुद्धपौर्णिमेला, दर धम्मचक्र दिनाला मी नवऱ्याच्या पहिल्या बायकोला फुलं वाहिली. आणि नवऱ्यालाही, जो मागे खुर्चीत बसून चहा पीत होता. तिला सवत म्हणावं तर ती माझ्या आधीची. मग सवत मीच.

१४ मे

त्याने तर्री-पोहे आणले. खाल्ले.

१६ मे, शुक्रवार

आज विचारलं.

कूलरचा पंप खोलून बसला होता. फोटो त्याच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, फुमिए कोण?

पाना खाली ठेवला. हात फडक्याला पुसत बसला, पुसत बसला. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, आणि चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा. मग म्हणाला, "बायको होती. अठ्ठ्याऐंशीत मेली. कॅन्सर."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

सदतीस वर्षं शाळेत पोरांना शुद्ध भाषा शिकवली. राग आला की माझ्याही तोंडून घरचंच निघतं. आणि त्याची मराठी तर बुटीबोरीच्या फिटर लोकांकडून शिकलेली, तो दुसरं काय बोलणार.

"तू विचारलं होतं, कोणी आहे का? मी म्हणलो, कोणी नाही. तवा खरंच कोणी नव्हतं."

वा! लग्नाचा फॉर्म मी भरला होता, त्याला तेव्हा मराठी वाचता येत नव्हती म्हणून. 'अविवाहित' मी लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने सही केली.

"अन् मी फुलं वाहून राहिले होते, तवा?"

म्हणाला, "तू वाहत होती तं मले बरं वाटत होतं. मग तुले थांबवू कसं?"

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाही. मी वेड्यासारखी फुलं आणत होते आणि त्याला बरं वाटत होतं.

१७ मे

सगळं आठवून राहिलं.

ब्याण्णवला तो सूतगिरणीच्या मशिनी बसवायला आला. त्याच्या कंपनीचे बाकीचे लोक परत गेले, हा राहिला. शहाण्णवला आमचं लग्न. मी बत्तीसची, तो त्रेचाळीसचा. अख्खी वस्ती पाहायला आली होती. जपानचा जावई, बुद्धाला मानणाऱ्या देशातला! लोकांनी त्याला इतके हार घातले की नाक तेवढं दिसत होतं. एकटा धम्मदीप लग्नाला आला नाही. आईसमोर म्हणाला होता, "चाळिशी उलटलेल्या माणसाचं लगन झालं नसन काय? विचारा तं सही." त्यावरून मी चार वर्षं सख्ख्या भावाशी बोलले नाही. मूल झालं नाही तेव्हाही त्याच्या दारी गेले नाही. आईच्या आजारपणात बोलणं सुरू झालं.

तो बरोबर होता. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

२१ मे

अजून आहे. संपलं नव्हतं.

शिगेरू गुडघ्याच्या व्यायामाला गेला होता. गॅसचं पुस्तक शोधताना त्याचा कागदांचा पाऊच हाती लागला. आत जपानी पत्र आणि विमानाचं तिकीट. ४ जूनचं. नागपूर, दिल्ली, ओसाका. परतीचं नाही. काढलंय २ मेला! म्हणजे फोटोचं बिंग फुटायच्या दहा दिवस आधी. मला चकार शब्द नाही.

दीक्षाला बोलावलं. ती पत्राला हात लावेना. "मामाजीचं पत्र मी कशी वाचू वं?" म्हटलं, जसा दगड वाचला तसं वाच.

पत्र त्याच्या गावच्या देवळातून आलेलं. नणंद एक्क्याऐंशीची, आता वृद्धाश्रमात चालली. कबरीकडे पाहणारं कोणी उरलं नाही. म्हणून कबर मोडायची, दगड काढायचा. आतल्या अस्थींचं काय करायचं ते येऊन ठरवा. नाहीतर देऊळ त्या अस्थी सगळ्यांच्या सामाईक खड्ड्यात ठेवेल.

दीक्षा म्हणाली, "मामाजी परत येतील ना?" मला काय माहीत.

२२ मे

तिकीट समोर टाकलं.

"सांगणार होतो."

कधी? विमानतळावर?

"किती दिवस लागन माहीत नाही, म्हणून परतीचं नाही काढलं. देवळाचा कागद, नगरपालिकेचा कागद. तिकडे कागद लय राहते."

मग मी सरळ विचारलं. तू मेल्यावर कुठे? आमचं ठरलेलं होतं. आईच्या अस्थी धम्मदीपच्या प्लॉटवर पुरल्या आणि वर कडुलिंब लावला. आपल्या दोघांच्याही तिथेच, असं यानेच म्हटलं होतं. स्वतः खड्डा खणला होता त्या दिवशी.

आज माझं नाव घेऊन म्हणाला, "मले माहीत नाही, मना."

तिच्या बाजूला जागा होती तेव्हा मला कडुलिंब दाखवला. आणि आता माहीत नाही!

२७ मे

नवतपा लागला, उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पारा सेहेचाळीस. कूलर नुसती वाफ फेकतो.

दुपारी शिगेरू झोपला होता, झोपेत जपानी बोलत होता. हल्ली बोलतो. मी पंख्याखाली बसून ऐकलं. एक शब्द कळला नाही. एकोणतीस वर्षांत मी त्याची भाषा शिकले नाही. त्याने माझी इतकी पक्की उचलली की मला कधी गरजच पडली नाही. कोरोनात बिल्डिंगच्या चौकीदाराने त्याला गेटवर अडवलं होतं, चायनावाला म्हणून, बाजूच्या सुरुचीने भांडून आत आणलं. घरी येऊन तो हसला, मीही हसले. रोज सकाळी फोनवर त्याच्या गावचा पाऊस बघतो. मला वाटायचं, म्हाताऱ्याला नाद लागला.

हे सगळं लिहिते आहे म्हणून त्याला माफ केलं असं नाही.

३१ मे

धम्मदीप येऊन गेला. दीक्षाने घरी सांगितलं असणार.

'मी म्हणलं नव्हतं काय' असं म्हणेल म्हणून मी तयारीत होते. म्हणाला नाही. चहा घेतला, शिगेरूच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि तो आत गेल्यावर हळूच म्हणाला, "जाऊ दे त्याले, ताई. म्हातारपणी माणूस आपल्या गावाकडेच पाहते. तू सक्करदऱ्याले ये आमच्याकडे. मागची खोली रिकामीच आहे."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

४ जून, बुधवार

गेला.

विमानतळावर मी गेले नाही. निघताना विचारलं, फोटो नेऊ काय? म्हटलं, तुझाच आहे, ने. फ्रेममधून काढून पासपोर्टात ठेवला. दारात कमरेतून वाकला, त्यांच्या पद्धतीने, हात मांडीला चिकटवून. मला असा कधी वाकला नव्हता. असं ते परक्या माणसाला करतात.

५ जून

फोन आला. उचलला नाही.

७ जून

दोनदा आला. नाही.

११ जून

आवाजाचा मेसेज. "इकडे पाऊस आहे. बीपीची गोळी घेतली काय?"

'हो' लिहिलं. लिहायला नको होतं.

२२ जून

अकरा दिवस झाले, फोन नाही.

आधी उचलत नव्हते, आता वाट पाहून राहिले. काय म्हणावं अशा बाईला! सुरुचीने जिन्यात विचारलं, काका केव्हा येतात? येतील की पंधरा दिवसांत, म्हटलं. खोटं बोलायला मीही शिकले. घरी येऊन मीच फोन लावला. कोणीतरी बाई रेकॉर्डवर जपानीत काहीतरी सांगत होती. तीनदा ऐकलं. तीच बाई, तेच वाक्य.

दीक्षा म्हणाली, मी मामाजीच्या बहिणीच्या आश्रमात लावून पाहू? नको म्हटलं. ज्याला सांगायचं नाही त्याच्या मागे किती धावायचं. एकदा फॉर्म भरला तेवढा पुरे.

२६ जून

धम्मदीपला कळवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात येते.

हे घर एकटीने सांभाळायची ताकद नाही, आणि एकटीने जेवायची तर अजिबात नाही. एकसष्ट वर्षं वय. भावाच्या घरी मागच्या खोलीत. जिच्यासाठी वस्ती लोटली होती ती बाई.

२९ जून

त्याचं सामान बांधलं. पाने, पेंचिस, मल्टिमीटर, सगळं गोणपाटात गुंडाळलेलं, प्रत्येकावर त्याचं नाव. चुलीत घालावं असं वाटलं. मग एकेक पुसून पेटीत ठेवलं. रडले. नंतर उगाच खोटं नको आठवायला, म्हणून लिहून ठेवते: खूप रडले.

एवढंच विचारायचं आहे. तो तिच्याजवळ राहायला गेला, की माझ्यापासून गेला? आणि विचारायला माणूस नाही.

२ जुलै, बुधवार

शिगेरू आला. चावी खिशात असून बेल वाजवली.

दार उघडलं तरी आत येईना. पांढऱ्या कापडात बांधलेला डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. म्हणाला, "फुमिए. कबर मोडली. तिकडे तिचं कोणी नाही आता. फोनवर विचारलं असतं तं तू नाही म्हणली असती, म्हणून नंतर फोनच नाही केला. आता म्हण."

नाहीच म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. गुडघ्याचा पट्टा घसरला होता त्याचा, पण डबा खाली टेकवला नव्हता.

राग आहे तिथेच आहे. पण बाईमाणसाला दारात किती वेळ उभं ठेवणार? मी हात पुढे केले आणि तिला आत घेतलं.