तोंडातला घास

४ तारीख, सोमवार
आज नातीच्या घरी राहायला आले. खोली झकास आहे. खिडकी, पलंग, हाताशी टेबल. मला अक्षर येत नाही, म्हणून नातीनं गळ्यात डबी अडकवली आहे. मी बोलते, ती लिहून घेते. नातजावई म्हणाले, "आजी, डबी दमेल हो!" म्हटलं, माझ्या नातीपुढे तुम्ही टिकलात, तर डबीला काय धाड भरलीय?

अर्धांगाच्या झटक्यात माझी उजवी बाजू गेली, तेव्हा डॉक्टरांनी हातात आणि जबड्यात यंत्रं बसवली. दोघांना जोडणारी तार कातडीखालून जाते. तिला बस म्हणतात. बसायला मात्र जागा नाही. तारेवर कुणी कधी काय करायचं हे सांगणारा तो ड्रायव्हर. तोही माणूस नाही, नातीनं बोटं झिजवून लिहिलेला हुकूम आहे. त्यावर तिचं पोट चालतं, अन् आता माझंही.

५ तारीख
यंत्रांची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. भरल्या ताटावर हात लुळा पडतो. म्हणून नात ड्रायव्हरला नवी विद्या शिकवते आहे. दुपारी मी आडवी झाले की यंत्रांना निजवायचं, कोण काय करत होतं ते ध्यानात ठेवायचं, आणि तीनला उठवून कामाला लावायचं. मी उठते चारला. यंत्रं माझ्याहून शहाणी म्हणायची. आज पहिल्यांदा निजवलं. मला पेंग आली होती, शेवटचा घास तोंडातच होता. नात म्हणाली, चालेल.

७ तारीख
उठले तर तोंडात लोकर. घोंगडीचा गोंडा गायब. नातजावई म्हणाले, उंदीर असेल. उंदरानं मला भरवला का, असं विचारलं तर पिंजरा शोधायला उठले.

८ तारीख
आज केस. फणीतलं गुंतवळ, माझंच. अर्धं गिळलेलं. चिमटीत धरून ओढलं तर येतच राहिलं, कोमट, लाळेनं बुळबुळीत. दोनदा ओकले.

१० तारीख
टाचेवरची चिकटपट्टी नाही. तिच्याखालची मेलेली कातडीही नाही. दातांत काहीतरी चिवट अडकलंय. जीभ ओळखते, मला सांगायचं नाही.

नातीला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. निजवण्याआधी हातातलं काम पुरं होऊ द्यायचं असतं, तेवढंच लिहायचं राहिलं, म्हणाली. त्या दिवशीचं जेवण यंत्रांच्या लेखी अजून अर्धंच आहे. रोज तीनला ती तेच पुढे चालू करतात. ताट असो, नसो.

म्हटलं, अगं चिंगे, घास तोंडात धरून झोपू नये, हे तुला मीच शिकवलं ना? रडायलाच लागली.

११ तारीख
दुपारचं निजवणं बंद केलं. तरी बॅटरी उतरली तशी यंत्रं आपोआप निजली. भरायला लावली अन् उठली. मी टक्क जागी. हात पडद्यामागं गेला, तोंडाशी आला. दातांखाली वळवळलं. पालीचं शेपूट. तुटलं तरी वळवळत— जबडा थांबेना. शी. आणि पोट— पोट आणखी मागत होतं—

१२ तारीख
चूक दुरुस्त झाली, नात म्हणते. नवा ड्रायव्हर घालायला यंत्रांना एकदा निजवून उठवायचं. तारेचं टोक दाढेमागं आहे, ते यंत्रं उठताना दाबून धरायचं. बोटानं. चिमटा घे म्हटलं. किती दाबायचं ते चिमट्याला कळत नाही गं आजी, म्हणाली. ते अर्धं जेवण यंत्रांच्या ध्यानातून पुसलंय म्हणे.

हात धुऊन आलीय. "आ कर," म्हणते.

तोंडाला पाणी सुटलंय. मला भूक नाही. तरी हनुवटीवरून ओघळतंय—

अजून निजवलंही नाही, अन् उजवा हात तिच्या मनगटावर. तिला वाटतं, मायेनं धरलाय. हसतेय. चिंगे, मी नाही धरलेला— सोडव, आत नको घालू, बोटं—