अर्जुनसालीचा काढा

बदनापूर, जानेवारी १९७८

प्रिय दीनानाथ,

काल मुंबईच्या डॉक्टरांनी माझा कार्डिओग्राम पाहिला आणि चक्क हसले. कर्करोगाच्या गाठीवरचं ते लाल इंजेक्शन कधीकधी हृदय दुबळं करतं. तसं झालं असतं तर उपचार अर्ध्यावरच थांबले असते. पण हृदय उत्तम आहे!

तू घनसावंगीहून पाठवतोस त्या अर्जुनसालीच्या काढ्याबद्दल त्यांना मी आधीच सांगितलं होतं. "श्रेय कुणाचं ते मला सांगता येणार नाही, पण चालू राहू द्या," म्हणाले.

शेजारच्या गिरिजाबाईंना मात्र सगळं ठाऊक आहे. "डॉक्टर नुसते सुया टोचून राह्यलेत. काळीज तुमच्या दीनानाथ वैद्यबुवांनीच सांभाळलं बिलकुल. अन् तुमी तोंड वाकडं करून राह्यलात!" काढा तुरट आहेच रे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर माशाचं तेल पाजायच्या, तसा नाक दाबून पिते.

दिवाळीत तू पुन्हा विचारलंस, "आता तरी लग्न करूया का?" मी म्हटलं होतं, हृदय टिकलं तर सांगते.

उत्तर 'हो' आहे. पण ते टपालाने पाठवलं, तर तुझा चेहरा बघायचा राहून जाईल. म्हणून हे पत्र घरीच ठेवून सकाळच्या बसने मीच येते.

तुझीच,
रजनी